काढता पाय

कोशकारांनी ‘आय’ अक्षराचा खण ओढला, ‘इम्पेडिमेंट’च्या कार्डामागे बोटं घातली. पाकीट नव्हतं.

आठ दिवसांपूर्वी त्यांनीच ते तिथे दडवलं होतं. दूरच्या शहरातल्या नोकरीचं, मुलीच्या नावाने आलेलं पत्र. इंग्रजी शब्दांच्या लॅटिन मुळांचा त्यांचा कोश अकरा वर्षांत नवव्या अक्षरापर्यंत पोचला होता, आणि कार्डं लिहायला ती नसती तर तिसऱ्यातच बसला असता. म्हणून बापाने लेकीचं पत्र फोडलं, लपवलं. पण लपवतानाही हाडाचा कोशकार आडवा आला. अडथळ्याचा कागद अडथळ्याच्याच कार्डामागे. भलत्या खणात ठेवायला हात धजावेना.

आता तिथे मुलीच्या अक्षरातलं नवं कार्ड होतं : ‘एक्स्पेडाइट’.

कोशकार हादरले. ‘ई’चं कार्ड ‘आय’मध्ये! असं तिच्याकडून कधी झालं नव्हतं.

मग त्यांनी ते वाचलं.

‘एक्स : बाहेर. पेस : पाऊल. बेडीतून पाय सोडवणे. उदाहरण : मुलीने मंगळवारीच होकार कळवला.’

पायाखालची जमीन सरकते म्हणजे नेमकं काय होतं, हे त्यांना कोशाबाहेर पहिल्यांदाच कळलं. त्यांनी खणाची कड धरली. आज शनिवार. चार दिवस ती समोर बसून कार्डं लिहीत होती, चहा देत होती.

“सापडलं का, बाबा?” दारात मुलगी उभी होती. हातात मोठी बॅग.

“हे कार्ड चुकीच्या खणात आहे.”

“आणि पत्र?”

“ते बरोबर होतं,” कोशकार म्हणाले आणि जीभ चावली.

“तेच तर. ‘इम्पेडिमेंट’ म्हणजे पायातली बेडी, तुम्हीच सांगितलंत.”

“मला विचारायचंस तरी.”

“तुम्ही विचारलंत?”

खाली टॅक्सीचा हॉर्न वाजला.

“सरका जरा. बॅग पायात येतेय.”

“रोमन सैन्याच्या बाडबिस्तऱ्यालाही ‘इम्पेडिमेंटा’च म्हणत,” त्यांच्या तोंडून निघून गेलं. “पायात येतं ते.”

मुलगी थबकली.

“हे कार्डावर घेतलंय?”

“नाही. राहिलंय.”

तिने बॅग खाली ठेवली. हात सवयीने टेबलावरच्या पेनाकडे गेला.

कोशकार त्या हाताकडे बघत राहिले. मग त्यांनी पुढे होऊन पेन आपल्या खिशात टाकलं आणि बॅग उचलली.