पुसलेल्या लाल ओळी

आमच्या प्रयोगशाळेत अपयशाला जागा नाही, असं भावोजी पाहुण्यांना अभिमानाने सांगतात. खरंच नाही. त्यांनी ते पुसून टाकलंय.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, आणि कामावर माझे साहेब. सेन्सरसाठी काचेच्या चकतीवर आम्ही धातूचा थर बसवतो, केसाहून कितीतरी पातळ. भट्टी किती आणि किती वेळ तापवायची हे सिस्टीम सुचवते, आधीच्या प्रयोगांवरून शिकून. जमलेला प्रयोग पडद्यावर हिरवा, फसलेला लाल. वरचे लोक बघायला येणार म्हटल्यावर भावोजींनी सगळ्या लाल ओळी मुळापासून काढायला लावल्या. घर जाळून कोळशाचा व्यापार! मी भांडले. घरी ताईने मलाच समजावलं, की साहेबापुढे नमतं घ्यावं. कसला साहेब, घरी बल्ब बदलायचा तर ताईला हाक मारतो.

आता शेवटच्या चकत्या उरल्या होत्या. थर टिकला तर प्रकल्प राहणार, नाहीतर माझ्यासकट सगळ्या टीमने गाशा गुंडाळायचा. आणि सिस्टीमने सुचवलेलं तापमान बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ह्याच तापमानाला मागे एकदा थर वाळल्या चिखलासारखा तडकला होता. बिचाऱ्या सिस्टीमला ते कळणार कुठून?

मी म्हटलं, कमी आचेवर हळूहळू चढवू. भावोजींनी पुरावा मागितला. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. मी बटण दाबायला नकार दिला, तेव्हा त्यांनी स्वतःच्या पासवर्डने भट्टी लावली, सगळ्या चकत्या एकदम घालून.

भट्टी निवल्यावर ट्रे बाहेर आला. एकही चकती धड नव्हती. पडद्यावर एक लाल ओळ उमटली. वरचे लोक जिना चढत होते.

"एवढी ओळ काढ," भावोजी हळूच म्हणाले.

कामावर मी त्यांना कायम सर म्हणत आले. "भावोजी, मी नाही पुसणार. तुमच्या हाताने पुसा."

त्यांनी पुसली. पडदा पुन्हा हिरवागार. खाली सिस्टीमने पुढचा प्रयोग सुचवला, तेच तापमान.

वरचे लोक आत आले, पडदा बघून खूश झाले. त्यांच्यातल्या मोठ्या बाईंनी विचारलं, "हा पुढचा प्रयोग आत्ता आमच्यासमोर करून दाखवाल?"

भावोजी माझ्याकडे बघायला लागले. मी तडकलेल्या चकत्यांचा ट्रे उचलला आणि बाईंच्या पुढ्यात ठेवला.

"हा बघा," मी म्हटलं. "आत्ताच झाला."