पिवळं पाणी

घरात मूल आजारी पडलं, की अख्खी आळी डॉक्टर होते. सीताबर्डीतल्या सुमतीला याची सवय होती. पण १९७४ सालच्या त्या वैशाखात, चार वर्षांच्या ताराची कावीळ बळावलेली असताना, ती धंतोलीच्या डॉक्टरांकडून औषध घेऊन परतली तर घरात चक्क कावीळ उतरवणारा रुपराव मांडी ठोकून बसलेला!

समोर परातीत चुन्याची निवळी. रुपरावानं बाटलीतला रस ताराच्या तळहातांना चोळला, काहीतरी पुटपुटला आणि ते हात निवळीत धुतले. पाणी पिवळंजर्द!

"पाहा, उतरून राहिली! आता तीन दिवस गोळी नाही, इंजेक्शन नाही. नाहीतर मस्तकात चढते."

तारा बापाच्या मांडीवर पेंगत होती. हाक मारली तरी डोळे उघडेना. 'पोर गुंगीत वाटली तर तासभरही थांबू नका,' असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सुमतीच्या डोक्यात तिडीक गेली. ती कोपऱ्यात जप करत बसलेल्या सासूवर उसळली, "आई, तुमचं देवदेव पुरे झालं! पोर जाईल माझी!"

यमुताईंची जपमाळ थांबली. "मी नाही बोलावलं वं याले. तुह्या नवऱ्याले विचार."

श्रीधर! कॉलेजात रसायनशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर! तो मान खाली घालून म्हणाला, "करून पाहायला काय जातं, सुमे? श्रद्धा म्हणूनही काही..."

"काय जातं? वेळ जातो! पोरांना परीक्षानळी धरायला शिकवता आणि घरी अक्कल गहाण टाकता?"

रुपराव हसला. "बाईसाहेब, देवाची परीक्षा पाहू नये."

"देवाची कोण पाहून राहिलं गा? तुझी पाहतो मी." यमुताई पुढे सरकल्या. "सुमती, नवी निवळी आण. आणि तू, तोच रस मले लाव. मले तर कावीळ नाही."

"आजी, मंत्र रोग्यालेच..."

यमुताईंनी बाटली हिसकावली, रस तळहातांना चोळला आणि हात सुमतीनं आणलेल्या निवळीत बुडवले.

पाणी पिवळं झालं. तितकंच पिवळं!

"याच हातांनी चाळीस वर्षं देवाची पूजा केली. त्याच्या नावानं मलेच फसवतं? ऊठ इथून!"

श्रीधरनं बाटली हुंगली. "आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस. चुन्यात पिवळा होणारच."

"मग आधी का नाही हुंगली?" सुमती कडाडली.

"भीती वाटली गं. पोरीसाठी."

सुमतीनं ताराला उचललं. रिक्षात ती सासूला म्हणाली, "आई, मी उगाच तुमच्यावर..."

"राग खरा होता वं, माणूस चुकलं. मी देवाजवळ खरं मागतो, तू पुस्तकात शोधतं. खोट्याले दोघींच्याही घरी थारा नको."

दवाखान्यात सलाईन लागलं. तिसऱ्या दिवशी ताराने पाणी मागितलं. श्रीधर भिंतीला टेकून ढसाढसा रडला. "आईनं विचारलं ते मी विचारायला हवं होतं. ते तर माझं कामच आहे!"

वाचकहो, प्रश्न विचारल्यानं देव कोपत नाही. कोपतो तो त्याच्या नावावर पोट भरणारा! आणि शिकूनसवरून जो प्रश्न गिळतो, तो त्या भोंदूची परात स्वतःच्या हातांनी भरून देतो.