जुन्या पाइपावरचे ठोके

पिपाणीला पिपाणी हे नाव तिच्या आजोबांनी, आबांनी ठेवलं होतं, आणि ते इतकं चपखल बसलं की तिचं शाळेतलं नाव घरात कुणाला पटकन आठवतसुद्धा नसे. दात घासतानाही तोंडाचा पट्टा चालूच. त्यात यंदा शाळेच्या नाटकात राणीचं काम केलं, टाळ्या पडल्या, तेव्हापासून तर स्वारी जमिनीपासून चार बोटं वरूनच चालायची. म्हणून तर आईने ते नाजूक काम तिच्यावर सोपवलं.

काम काय होतं ते कळायला आधी त्या बिल्डिंगचं पाणी कळायला हवं. जुना पंप होता तेव्हा खालच्यांनी नळ सोडले की पाचव्या मजल्यावर थेंब चढायचा नाही. भांडून भांडून सगळ्यांच्या नाकी नऊ आले, तेव्हा पाचव्या मजल्यावरच्या आजींनी एक युक्ती काढली. सगळ्यांच्या बाथरूममधून वरपासून खालपर्यंत एकच लोखंडी पाइप गेला होता. आपली पिंपं भरली की आजी त्यावर पळीने ठोकायच्या. टण्, टण्, जरा थांबून आणखी एक टण्. म्हणजे माझं झालं, सोडा आता नळ. तिसऱ्या मजल्यावरून आबा पेल्याने उत्तर द्यायचे, टिंग टिंग. ऐकलं बरं का. मग आबा सगळ्या जिन्याला ओरडून सांगायचे. नियम आजींचाच होता: उत्तर येईपर्यंत ठोकत राहायचं, उत्तर आलं की थांबायचं आणि पळी खिडकीच्या कट्ट्यावर पालथी घालायची. पालथी पळी म्हणजे काम संपलं.

पुढे नवा पंप आला, भिंतीबाहेरून प्लॅस्टिकचे पाइप आले आणि लोखंडी पाइप कोरडा पडला. ठोके मात्र राहिले. सकाळी उठल्याचे, दुपारी चहा ठेवल्याचे. बिल्डिंगला लिफ्ट नाही. आबांना गुडघ्यांमुळे जिना चढवेना, आजींना उतरवेना. दोघांची भेट होती ती त्या पाइपातूनच.

आबा हृदयाच्या दुखण्याने हॉस्पिटलात होते, त्याच दिवसांत आजी झोपेतच गेल्या. डॉक्टरांनी बजावलं होतं, यांच्या कानावर वाईट काही घालू नका. आजींचा मुलगा परगावी राहायचा, तो फ्लॅट बंद करून किल्ली आईकडे ठेवून गेला. आबा घरी यायच्या आदल्या दिवशी आईने ती किल्ली पिपाणीच्या हातात दिली.

"शाळेत जाताना वर जायचं, ठोकायचं, आबांचं उत्तर आलं की निघायचं. दुपारी ते औषधाने झोपलेले असतील, तेव्हा नाही ठोकलं तरी चालेल. आणि कुणापाशी बोललीस तर बघ."

"आई, मी राणी झाले होते. आजी व्हायला काय लागतं?"

तेव्हापासून रोज सकाळी पिपाणी बंद फ्लॅटचं कुलूप काढायची. आत कोंदट वास, सोफ्यावर चादर. बाथरूममधली पळी घ्यायची, ठोकायची. खालून टिंग टिंग आलं की पळी खिळ्याला अडकवून तीन तीन पायऱ्या उतरत शाळेत. पळी पालथी घालायला मात्र तिचा हात धजायचा नाही. ते आजींचंच काम, असं तिला वाटायचं.

सगळं सुरळीत चाललं होतं आणि रविवारी पार्किंगमध्ये सोसायटीची मीटिंग भरली.

चौथ्या मजल्यावरचे सर घरी गणिताचे क्लास घ्यायचे. ते तावातावाने उठले. "दुपारी माझी मुलं गणितं सोडवतात आणि वरून टण् टण् सुरू. बरं, एकदा सुरू झालं की थांबायचं नाव नाही. मुलं वह्या मिटून उठतात हो. शाळा सुटल्यासारखं वाटतं त्यांना."

सेक्रेटरींनी मोबाइल पुढे केला. त्यांच्या मोबाइलमध्ये आवाज मोजायची सोय होती आणि ते मिक्सरपासून बाळाच्या रडण्यापर्यंत सगळं मोजत हिंडायचे, म्हणून पोरांनी त्यांचं नाव डेसिबल काका ठेवलं होतं. "मी मोजलंय. आकडा चांगला नाही. त्या फ्लॅटची किल्ली कुणाकडे असते?"

सगळ्या माना पिपाणीकडे वळल्या.

"माझ्याकडे. पण मी सकाळीच जाते, तेही एकदाच. दुपारी मी शाळेत असते, हवं तर हजेरी..." बोलता बोलता ती अडकली. आपण शाळेत असतो, आई-बाबा ऑफिसात. किल्ली आपल्या दप्तरात. मग वर कोण असतं? तिने आईकडे पाहिलं. आईचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मग उंदीर असतील," डेसिबल काका म्हणाले.

"उंदीर ठेका धरून ठोकतात का हो?" सर फणकारले.

शेवटी ठरलं की शनिवारी प्लंबर बोलवायचा आणि तो निकामी पाइप कापून टाकायचा. पाइप गेला की सकाळचे ठोके गेले. आबा विचारणार, वरच्या बाई बऱ्या आहेत ना? मग काय सांगायचं?

आणि दुपारचं ते दुसरंच.

एके दिवशी शाळा लवकर सुटली. पिपाणी घरी न थांबता थेट पाचव्या मजल्यावर गेली आणि आतून कडी लावून बाथरूमच्या दारात पाय मुडपून बसली. मनातल्या मनात ती मैत्रिणींना ही गोष्ट तिखटमीठ लावून सांगायलाही लागली होती. दुपार कलली. पळी खिळ्याला होती तशीच. एक आवाज नाही. सर उगाच कांगावा करतात, असं म्हणत ती मोठ्या फुशारकीत खाली आली.

आबा खुर्चीत बसून होते. पुढ्यात रिकामा पेला.

"वर जाऊन बसली होतीस ना गं?"

पिपाणीने किल्लीची मूठ पाठीमागे लपवली.

"आज दुपारचे ठोके आले नाहीत. समोर कुणी बसलं की त्या ठोकत नाहीत. पहिल्यापासून संकोची बाई."

"आबा, ते दुपारचे... म्हणजे सकाळचेसुद्धा..."

"सकाळचे तुझे." आबा हसले. "तू ठोकतेस ते दार फोडायला आल्यासारखं. त्या तिसरा ठोका हळू द्यायच्या, कुणाची झोप मोडू नये म्हणून. घरी आलो आणि पहिल्याच सकाळी कळलं मला, बाई गेल्या. पण तू इतकी रंगून काम करत होतीस, म्हटलं चालू दे."

"आणि दुपारचे?"

"दुपारचे त्यांचेच."

पिपाणीच्या अंगावर सरसरून काटा आला. खिडकीतून ऊन येत होतं, शेजारचा मिक्सर घरघरत होता, तरीही.

"मग तुम्ही उत्तर का देत नाही?"

"दिलं की थांबतील." आबांनी पेला हातात फिरवला. "पण आता पाइपच जाणार. उत्तर न देता तो कापला, तर त्या तिथे ठोकत बसतील पोरी, आणि मला ऐकूही येणार नाही. हात भरून येईल त्यांचा."

"मग उद्या द्या."

"बघू," म्हणून आबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. दुसऱ्या दिवशी शाळेतून येताच तिने विचारलं, दिलंत का? आबांनी नकारार्थी मान हलवली. त्याच्या पुढच्या दिवशी तर तिने विचारलंसुद्धा नाही.

शनिवारी जेवणं उरकल्यावर प्लंबर आला. पाइपाचा सांधा आबांच्याच बाथरूममध्ये होता, तेव्हा सुरुवात इथूनच. दारात सर, डेसिबल काका, आई, सगळेच दाटीवाटीने उभे. प्लंबरने कटर प्लगला लावला.

"जरा थांबता का?" पिपाणी म्हणाली. "चहाची वेळ होऊ दे."

"चहा मिळणार असेल तर मी तासभर थांबतो," प्लंबर म्हणाला. पण आईने आधण ठेवायच्या आतच ते आलं.

टण्, टण्. जरा थांबून, अगदी हळू, टण्.

"वर कोण आहे?" सरांनी विचारलं. पिपाणीने मूठ उघडून किल्ली दाखवली. डेसिबल काकांचा मोबाइल खिशातून निघालाच नाही. प्लंबर कटर खाली ठेवून दोन पावलं मागे सरला.

आबा पेला घेऊन पाइपाशी गेले, पण नुसतेच उभे राहिले. परत ठोके आले. परत आले. दर वेळी आधीपेक्षा थोडे मंद, मधली थांबण्याची जागा थोडी लांबलेली. पिपाणीने आबांचं कोपर धरलं.

"दमल्या," आबा स्वतःशीच म्हणाले. आणि त्यांनी पेला पाइपावर वाजवला. टिंग टिंग.

सगळे कान टवकारून उभे राहिले. वरून काही आलं नाही.

"कापू ना, आजोबा?" प्लंबरने हळूच विचारलं. आबांनी होकारार्थी मान हलवली.

खालचं काम झाल्यावर प्लंबरला वरचा तुकडा काढायचा होता. पिपाणी त्याला घेऊन पाचव्या मजल्यावर गेली. कुलूप सकाळी तिने लावलं होतं तसंच होतं. बाथरूममध्ये पाऊल टाकलं आणि ती दारातच थबकली. खिळा रिकामा होता. पळी खिडकीच्या कट्ट्यावर होती.

तिने ती उचलली नाही. प्लंबरलाही हात लावू दिला नाही.

खाली आली तेव्हा लोक पांगले होते. सरांनी त्या दिवशी क्लास घेतला नाही. आबा खुर्चीत बसले होते, त्यांनी एवढंच विचारलं, "पळी?"

"पालथी," पिपाणी म्हणाली.

आबांनी पेला पुसला आणि खिडकीच्या कट्ट्यावर पालथा घातला.