हुदाकबाईंचा खांदा

फी न मागणारा वकील हुदाकबाईंनी जन्मात पाहिला नव्हता.

"मला सरकारी निधीतून मिळते फी," फोनवर वकीलबाई सांगत होती. "लशीच्या इजेचा दावा हरलात तरी तुमच्याकडून काही नको."

"म्हणजे मी बुडाले तरी तुझं पोट भरणार."

मुलगा अँड्रू हसला. त्याला काय जातंय हसायला? डोक्यापर्यंत न जाणारा हात त्याचा नव्हता. ऑपरेशनशिवाय खांदा सुटणार नव्हता, आणि तो खर्च दाव्यातूनच निघाला तर निघणार होता.

हिवाळ्याच्या तोंडावर एका बुधवारी चर्चच्या तळघरात फ्लूची लस टोचत होते. फादरसमोर दंड कशाला उघडा टाकायचा, म्हणून बाईंनी झग्याचा नुसता गळा ओढून उजवा खांदा दाखवला. नर्सनं सुई दंडाऐवजी तिथेच, पार वर सांध्यात खुपसली.

"दुखणं लगेच सुरू झालं याला साक्षीदार लागेल," वकीलबाई फोनवर म्हणाली. "डॉक्टरांना तर तुम्ही हिवाळाभर काही बोललाच नाहीत."

कण्हणाऱ्या बायकांचा हुदाकबाईंना तिटकारा. साक्षीदार एकच होती, वेरोना.

चर्चच्या विक्रीसाठी बायका दर गुरुवारी तळघरात बटाट्याचे पिरोगी, म्हणजे उकळत्या पाण्यात शिजवायच्या करंज्या, करत. पारी लाटायचा मान हुदाकबाईंचा. लशीच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी लाटणं खाली ठेवलं, "पीठच भिकार आलंय" म्हणाल्या, आणि कडा चिमटायला बसल्या. लाटणं वेरोनानं उचललं ते आजतागायत तिच्याकडेच. टपून बसली होती मेली, असं बाईंना तेव्हापासून वाटत होतं.

वकीलबाईच्या फोननंतरच्या गुरुवारी बाई तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"वेरोना, लशीच्या दुसऱ्या दिवशी पीठ चांगलं होतं."

"ठाऊक आहे," वेरोना लाटता लाटता म्हणाली. "हात थरथरत होता तुझा."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर पिरोग्यांऐवजी मलाच उकळलं असतंस."

बाकीच्या बायका खाली मान घालून हसल्या.

"वकीलबाईला सांगशील हे?"

"सांगेन की. पण खांदा सुटला की लाटणं परत मागशील ना?"

बाईंनी तिला नीट न्याहाळलं. नाही म्हणणं सोपं होतं.

"मागेन."

"मग लाव फोन," वेरोनानं पिठाचे हात पुसले.

बाईंनी फोन लावून दिला, पण जागच्या हलल्या नाहीत. वेरोना काय बोलते ते ऐकत तिथेच उभ्या राहिल्या, डावा हात लाटण्यावर ठेवून.