शेजारचे सूर

स्क्रीन पुन्हा लाल झाली.

"मी बहिरी आहे, टांटी," नॅटोया म्हणाली.

"बहिरी असतीस तर काल माझ्या पॅनचा एक सूर उतरलाय म्हणून सगळ्या बँडसमोर माझी अब्रू काढली नसतीस," मी केळ्याचे काप तळता तळता म्हटलं.

मी तिच्या आईची धाकटी बहीण, म्हणून तिची टांटी. लाव्हेंटिलच्या टेकडीवरच्या आमच्या स्टीलबँडमध्ये आम्ही दोघी शेजारी उभ्या राहून वाजवतो. पिंपाचा तळ ठोकून ठोकून घडवलेलं वाद्य, तेच आमचं पॅन. स्वरलिपी आम्हाला येत नाही. एकाचा हात दाखवतो, दुसऱ्याचा हात शिकतो. पण पोरीला संगीताच्या कॉलेजात जायचं होतं आणि उद्या कानाची परीक्षा होती, तीही ऑनलाइन. सरावाची वेबसाइट दोन सूर ऐकवायची आणि विचारायची, यांच्यात अंतर किती?

"लाव बघू. मला ऐकव." मी कढई उतरवून टेबलापाशी आले.

टिंग. टिंग.

"हे तर अगदी जवळचे," मी म्हटलं.

तिनं 'अर्धा सूर', म्हणजे सगळ्यात जवळचं अंतर, दाबलं. लाल. बरोबर उत्तर: पाचवा सूर, म्हणजे चांगलाच लांबचा.

"मग यंत्रच बहिरं आहे."

ती माझ्या हाताकडे बघत होती. "टांटी, आत्ता टेबलावर काय वाजवलंस?"

"कुठं काय?"

"दोन बोटं. शेजारी शेजारी."

मी बोटांकडे पाहिलं. पॅनवर प्रत्येक सुराच्या कुशीला त्याचा पाचवा सूर असतो, आणि गाताना एकमेकांना अगदी खेटून असलेले दोन सूर बसतात पार पलीकडच्या काठाला. कान बिचारा नीट ऐकत होता. मोजत होता हात.

"म्हणजे मला सगळं येतंय," नॅटोया हळूच म्हणाली. "मी फक्त पॅनची भाषा बोलतेय."

तिनं पॅन म्हणून जेवणाचं ताट उपडं घातलं, चमचा घेतला, डोळे मिटले. टिंग, टिंग. चमचा शेजारी पडला. "पाचवा." हिरवं. टिंग, टिंग. चमचा पलीकडे गेला. "अर्धा सूर." हिरवं.

दुसऱ्या दिवशी ताट मांडीवर घेऊन ती परीक्षेला बसली. मी दाराबाहेर पायरीवर. आतून चमच्याचा आवाज यायचा, मध्येच थांबायचा, आणि तो थांबला की मी दाराला कान लावायचे.

दार उघडलं. तिनं ताट माझ्या हातात दिलं.

"झाले पास. आता यातच वाढ."

मी उठले, ताट पुसलं आणि जेवण वाढायला घेतलं.