तपासणीची चाल

शनिवारी सकाळी भोंगा इस्त्रीचा शर्ट घालून दुकानात आला, तेव्हाच ठिणगीनं ओळखलं की काहीतरी शिजतंय.

भोंगा म्हणजे तिचा थोरला भाऊ. आवाज असा की तो कानात काही सांगायला लागला तर ते समोरच्या फुटपाथवर ऐकू जायचं. आणि ठिणगी का म्हणायचे तिला, ते सांगायची गरजच नाही. पाच मिनिटं तिच्याशेजारी बसा, कळेल. दोघांनी पन्नाशी गाठली होती, दोघांनी लग्न केलं नव्हतं, आणि वडिलांनी मागं ठेवलेलं अकॉर्डियन दुरुस्तीचं दुकान दोघं भांडत भांडत चालवत होते. भाते, चामडं, लाकूड हे भोंग्याचं काम. सूर लावणं ठिणगीचं. तिच्या कानातून बेसूर माशीसुद्धा सुटायची नाही.

"कुठं निघालास नटून?"

"कुठं नाही."

"मग शर्टाला इस्त्री कशाला?"

"चुरगळला होता म्हणून."

"गेली वीस वर्षं चुरगळलेलाच आहे की."

भोंग्यानं कॉलर सारखी केली. तो गप्प बसला म्हणजे मामला गंभीर. तो कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरकडं असा बघत होता, जसं एखादं माणूस ऑपरेशनच्या खोलीच्या दाराकडं बघतं.

कॉम्प्युटरच्या टेबलाखाली सूनबाई शिरली होती. ही शेजारच्या घड्याळवाल्याची सून. सासरा घड्याळं दुरुस्त करायचा, ही कॉम्प्युटर. सगळी गल्ली तिला सूनबाईच म्हणायची. गुरुवारी संध्याकाळी दुकानाच्या कॉम्प्युटरमधून कट् कट् आवाज यायला लागला, ठिणगी म्हणाली, "हा आवाज बरा नाही," आणि तेवढ्यात पडदा काळा झाला. सूनबाई मशीन घेऊन गेली आणि आज नवीन डिस्क बसवून परत आली.

"जुन्या डिस्कवरून निघालं तेवढं काढलंय," सूनबाई टेबलाखालून म्हणाली. "फोटो आले, बिलं आली. पण मेलच्या प्रोग्रामचं सगळं सामान नेमकं खराब झालेल्या जागेत होतं. ते गेलं."

भोंग्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"घाबरू नका हो काका. प्रोग्राम मी परत टाकलाय. तुमची मेल तिकडं मेलवाल्यांच्या मशीनवर शाबूत आहेत. इथं नुसता पासवर्ड टाकायचा, की सगळी धडाधड येतील."

त्या 'नुसता' शब्दावर भावाबहिणीनं एकमेकांकडं बघितलं.

"पासवर्ड विसरला असं सांगता येत नाही का?" ठिणगीनं विचारलं.

"येतं. मग ते या नंबरवर कोड पाठवतात." सूनबाईनं टेबलाखालून डोकं काढून पडद्यावरचे शेवटचे दोन आकडे दाखवले.

"हा तर दुकानाचा जुना फोन. तो कधीच काढून टाकला."

"मग दुसरा मार्ग आहे, पण त्याला आठवडा लागतो."

"आठवडा?" भोंगा म्हणाला, आणि टेबलावरचे स्क्रू थरथरले. "मला आज पाहिजे. दुपारच्या आत."

ठिणगीनं हातातली कानस खाली ठेवली. इस्त्रीचा शर्ट, दुपारच्या आत, आणि आता नीट बघितलं तर दाढीसुद्धा केलेली. "दादा," ती म्हणाली, "कोण आहे ती?"

भोंग्याचे कान लाल झाले. सूनबाई टेबलाखालून बाहेर आली आणि चक्क मांडी घालून बसली. असलं काही फुकट ऐकायला मिळत असेल तर कोण उठून जाईल?

मग निघालं सगळं. दुसऱ्या गावात एक अकॉर्डियन वाजवणारी बाई होती. भात्याला कुठलं चामडं लावू असं विचारायला तिनं मेल केलं, यानं उत्तर दिलं, तिनं आभार मानले, यानं आभाराचे आभार मानले, आणि हे असं तीन वर्षं चाललं होतं. दुकानाची मेल बघायचा तो एकटाच. फोन नंबर एकमेकांना दिलेच नव्हते.

"का नाही दिलेस?"

"माझा आवाज ऐकून पळून गेली असती ती."

हे मात्र ठिणगीला पटलं.

मागच्या आठवड्यात भोंग्यानं अख्खा धीर गोळा करून लिहिलं होतं की आपण एकदा भेटू या. गुरुवारी संध्याकाळी तिचं उत्तर आलं. वर नुसतं एवढंच दिसलं, 'शनिवारी येते, कुठं आणि कधी ते आत लिहिलंय'. यानं ते उघडायला घेतलं आणि कॉम्प्युटरनं मान टाकली.

"आज शनिवार," सूनबाई म्हणाली.

"ते माहितेय मला," भोंगा म्हणाला. "ती कुठंतरी येऊन बसेल, मी जाणार नाही, ती म्हणेल नुसताच बोलबच्चन निघाला. आणि तिचा मेलचा पत्ताही त्या प्रोग्राममध्येच होता. मी तो कधी लक्षात ठेवलाच नाही. नावावर टिचकी मारली की जायचं."

ठिणगीचं टाळकं सटकलं होतं. तीन वर्षं एका छताखाली राहून या माणसानं आपल्याला पत्ता लागू दिला नाही, या गोष्टीचा तिला भयंकर राग आला होता. आणि आनंदही झाला होता, त्यामुळं राग कुठं काढावा तेच कळेना. "ऊठ," ती खेकसली. "खुर्ची ओढ. पासवर्ड वाजवू."

"वाजवू?" सूनबाई म्हणाली.

त्याचं असं होतं. या दुकानात वडिलांच्या वेळेपासून एक रीत होती. दुरुस्त झालेला एकही बाजा, म्हणजे अकॉर्डियन, तपासणीची चाल वाजवल्याशिवाय दाराबाहेर जायचा नाही. चाल वडिलांनीच बांधलेली, छोटीशी, पण एकही पट्टी सुटणार नाही अशी. आणि ती दोन माणसांनी वाजवायची. पहिला तुकडा एकानं, दुसरा दुसऱ्यानं. एकाच्या बोटांना जे कळत नाही ते दुसऱ्याच्या बोटांना कळतं, असं वडिलांचं म्हणणं. लहानपणापासून पहिला तुकडा ठिणगीचा, दुसरा भोंग्याचा. वाजवून झालं आणि सगळं ठीक असलं की ठिणगी म्हणायची, "हं, जाऊ दे बाहेर," आणि मगच बाजा पेटीत जायचा.

तर जेव्हा पहिल्यांदा मेल सुरू केलं आणि मशीननं पासवर्ड मागितला, तेव्हा दोघांनी डोकं खाजवलं आणि सरळ कीबोर्डावर तपासणीची चाल वाजवली. आधी हिनं, मग त्यानं. दोनदा मागितला, दोनदा वाजवली. प्रोग्रामनं तो लक्षात ठेवला आणि पुन्हा कधी विचारला नाही. अक्षरं कुठली होती हे देवालाच ठाऊक.

"मी तीस वर्षांत ऐकलेला हा सगळ्यात वेडा पासवर्ड आहे," सूनबाई म्हणाली. तिचं वयच तीस होतं. "वाजवा."

वाजवला. चूक.

"तू घाई केलीस," ठिणगी म्हणाली.

"मी? शेवटचा सूर तूच दोनदा दाबलास."

"मी दाबला? माझ्या तुकड्यात कधी काही चुकलंय?"

"तुझं कधीच काही चुकत नाही. तू जन्मलीसच सुरात."

परत वाजवला. चूक. जागा बदलून बसले, चूक. भोंग्यानं डोळे मिटून वाजवलं, चूक. आता पडद्यावर एक लाल ओळ आली. सूनबाईनं वाचली आणि त्यांचे हात धरले.

"थांबा. अजून एकदा चुकलं तर ते उद्यापर्यंत खातं बंद करणार."

भोंगा इस्त्रीच्या शर्टातच खुर्चीत असा खचला की शर्टाचं पार पोतेरं झालं. "राहू दे," तो म्हणाला, आणि ते त्यानं हळू म्हटलं. ठिणगीनं भावाचा हळू आवाज आयुष्यात क्वचितच ऐकला होता.

तिचं असं होतं की रडू आलं की ती चिडायची. ती ताडकन उठली, "कोंडलंय नुसतं इथं," म्हणाली आणि मागची खिडकी वर ढकलली. ही खिडकी हात सोडला की धाडकन खाली यायची, म्हणून तिच्याखाली काहीतरी अडकवावं लागायचं. ठिणगीनं कट्ट्यावरची नेहमीची फळी उचलली, उभी केली, खिडकी तिच्यावर टेकवली. हे ती रोज करायची. पण आज रागात तिनं ती फळी जरा जास्तच आवळून धरली होती, आणि तिच्या अंगठ्याखाली काहीतरी दबलं.

दबलं आणि वर आलंच नाही.

ठिणगीनं खाली बघितलं. ती फळी नव्हतीच. तो दुकानाचा पहिला कीबोर्ड होता. धुळीनं आणि चामड्याच्या भुग्यानं असा माखलेला की कित्येक वर्षांत कुणी त्याला कीबोर्ड म्हणून बघितलंच नव्हतं.

तिनं ते बटण नखानं वर काढलं, पुन्हा दाबलं. मेलेलं. शेजारची सगळी टुणटुणीत, हे एकच मुकं.

"दादा," ती म्हणाली, "आपण पासवर्ड केला तेव्हा कुठला कीबोर्ड होता?"

भोंगा बघत राहिला. मग त्याचं तोंड हळूहळू उघडलं. "हा. जुन्या बाजारातून आणलेला. त्याचं एक बटण—"

"पहिल्या दिवसापासून मुकं होतं. तू म्हणाला होतास, उद्या करतो."

"तूही म्हणाली होतीस, उद्या करते."

ज्या दोन माणसांनी एक सूर मुका असलेला बाजा कधी दाराबाहेर जाऊ दिला नाही, त्यांनी मुक्या बटणाचा कीबोर्ड वर्षभर वापरला आणि मग खिडकीला लावला. सूनबाई पोट धरून हसत होती. "म्हणजे तुम्ही वाजवलं एक आणि मशीनला ऐकू आलं दुसरंच. आता तुमची चाल बरोबर आहे म्हणूनच पासवर्ड चुकतोय."

"मग ते बटण सोडून वाजवू," भोंगा उठला.

"नाही जमणार," ठिणगी म्हणाली. "माझी बोटं थांबणारच नाहीत तिथं. तुझी थांबतील?"

भोंग्यानं हवेत बोटं नाचवून बघितली. नाहीच थांबली.

मग खिडकीला फळीऐवजी खरीखुरी फळी लावली. सूनबाईनं कीबोर्ड उलटा करून आपटला, त्यातून दोन स्क्रू, एक टाचणी आणि मूठभर भुगा निघाला. वायर जोडली. बारीकसा हिरवा दिवा लागला. भोंगा लगेच बसायला लागला, पण सूनबाईनं त्याला मागं ओढलं.

"आधी कोऱ्या पानावर वाजवा. काय उमटतंय ते मला बघू दे."

दोघं शेजारी बसले. ठिणगीनं बोटं मोडली. वाजवला तिनं पहिला तुकडा, धूळभरल्या बटणांवर, मनातल्या मनात सूर ऐकत. भोंग्यानं दुसरा उचलला. पडद्यावर अक्षरांची एक निरर्थक रांग उमटली. सूनबाई ठिणगीच्या बोटांकडं बघत होती. एका जागी बोट पडलं आणि पडद्यावर काहीच आलं नाही.

"परत एकदा वाजवा." परत वाजवला. तीच रांग, तशीच्या तशी.

सूनबाईनं ती रांग उचलून पासवर्डच्या चौकटीत टाकली. टिचकी भोंग्यानं मारायची की ठिणगीनं, यावर भांडण होणार होतं, म्हणून सूनबाईनंच मारून टाकली.

क्षणभर काहीच नाही. मग ती चौकट गेली, आणि टिंग झालं. परत टिंग. मग टिंग टिंग टिंग, मेलवर मेल, वर्षानुवर्षांची, चामडेवाल्यांची, गिऱ्हाइकांची, आणि सगळ्यात वर तिचं. भोंग्यानं एक आरोळी ठोकली. शेजारच्या दुकानातून घड्याळवाला सासरा धावत आला, काय पडलं म्हणून.

मेल भोंग्यानं वाचलं. म्हणजे मनात वाचलं असं त्याला वाटलं, प्रत्यक्षात सगळ्यांनी ऐकलं. 'बारा वाजता तळ्याकाठच्या बागेत, कारंज्यापाशी बसेन. ओळखणार कसं, असं वाटत असेल. तुम्ही मला तपासणीच्या चालीचा पहिला तुकडा लिहून पाठवला होतात आणि दुसरा भेटल्यावर वाजवून दाखवीन म्हणाला होतात. मी पहिला तुकडा वाजवत बसेन. दुसरा घेऊन या.'

ठिणगीच्या भुवया कपाळात गेल्या. "माझा तुकडा दिलास तिला? मला न विचारता?"

"माझा द्यायला लाज वाटली," भोंगा म्हणाला.

घड्याळवाल्याच्या हातात घड्याळ होतंच. साडेअकरा वाजून गेले होते. मग काय, नुसती पळापळ. सूनबाईनं शर्ट पाठीमागून ओढून सरळ केला, ठिणगीनं हनुवटीवरचा चामड्याचा भुगा झटकला, भोंग्यानं स्वतःचा बाजा पाठीवर घेतला, आणि भाऊबहीण रस्त्यानं निघाले. ठिणगीला कुणी बोलावलं नव्हतं. पण तिला थांबवायची हिंमत कुणाच्या बापात होती?

बागेच्या फाटकातच त्यांना ऐकू आलं. कारंज्यापलीकडं कुणीतरी वाजवत होतं, ठिणगीचाच तुकडा. शेवटाला येऊन थांबायचा, जरा वाट बघायचा, पुन्हा पहिल्यापासून सुरू. हिरव्या कोटातली एक उंच बाई बाकावर बसली होती. मांडीवर बाजा, नजर रस्त्याकडं.

तिसऱ्या सुरावर तिचं बोट जरासं लवकर उठत होतं. ठिणगीनं ते लगेच टिपलं. सांगायला तोंडही उघडलं. मग मिटलं.

भोंग्याचे पाय फाटकाशीच रुतले. "ठिणगे, मला नाही जमणार."

"बोलू नकोस मग. वाजव."

तिकडं पहिला तुकडा संपला. ती बाई थांबली. भोंग्यानं भाता उघडला आणि दुसरा तुकडा वाजवला, फाटकातूनच, चालत चालत, आणि तो त्यानं इतका हळुवार वाजवला की कारंज्यावरची कबुतरंसुद्धा उडाली नाहीत. हिरव्या कोटातली बाई उभी राहिली. ती हसत होती, आणि दुरूनसुद्धा दिसत होतं की पळून बिळून जाण्याचा तिचा काही विचार नाही.

भोंगा तिच्यापाशी पोचला. आता तो बोलणार, हे ओळखून ठिणगीनं सवयीनं कानावर हात ठेवायला उचलले, आणि तसेच खाली घेतले.

"हं," ती फाटकाला टेकून स्वतःशीच म्हणाली, "जाऊ दे बाहेर."