खाटेचा कोपरा

"ती हसरी सिस्टर कुठं गेली?" खाटेवरच्या ठकूबाईंनी विचारलं. सुई भरून समोर इंद्रायणी उभी होती.

"मी देते ना."

"तुमी नगं. तुमी मास्तरावानी बघता."

वॉर्ड हसला. इंद्रायणीने खाली वाकून चादरीचा कोपरा घट्ट खोचला. कोपरे खोचावेत तर तिनेच. ओतूरच्या नर्सिंग स्कूलमध्ये पहिला नंबर तिचा, गणवेशाची इस्त्रीही तिचीच कडक. त्या हसऱ्या सिस्टरचा, म्हणजे जुन्नरच्या रुबिनाचा, सगळा कारभार उसना: थर्मामीटर दुसरीचा, वह्या इंद्रायणीच्या, टोपी तेवढी स्वतःची, तीही तिरकी. पण सुई देताना ती असं काही विचारायची, की पेशंटचं उत्तर संपेपर्यंत कापसाचा बोळा चोळून झालेला असायचा.

इंद्रायणीनेही ते एकदा करून पाहिलं. एका बाईला विचारलं, "मालक काय करतात?" बाई रडायलाच लागली. मालक नुकतेच वारले होते. ट्यूटर सिस्टर मागेच उभ्या होत्या. त्या दिवशी इंद्रायणीने ठरवून टाकलं, गप्पा मारणं हे काही नर्सचं काम नाही.

श्रावणात तिची आई, धोंडाबाई, अवसरीहून तापाने भरती झाली. आईच्या तापाने लेकीला बरं वाटू नये. पण वाटलं खरं. वॉर्डात आपला म्हणावा असा एक तरी पेशंट आला होता.

सकाळची सुई तिने दिली. आईने डोळे घट्ट मिटून घेतले. संध्याकाळी ट्रे घेऊन आली, तर रुबिना आईच्या खाटेवर खुशाल बसलेली.

"वासरू नीट पितंय का, मावशी?"

"पितंय की. लई द्वाड हाय."

घरची गाय व्यायली, हे इंद्रायणीला आत्ता कळत होतं.

"आये, सुई घ्यायचीय."

धोंडाबाईंनी लेकीकडे बघायचं टाळलं. "इंदे, तू दमली आसशील. हिलाच दिऊ दे."

रुबिना चटकन उठली. "मी कशाला? तुमची लेक आमच्यात सगळ्यात हुशार आहे, मावशी."

"हाय की हुशार. म्हनूनच भ्या वाटतं तिचं."

इंद्रायणीने ट्रे रुबिनाच्या हातात दिला आणि खाटेच्या पायथ्याशी जाऊन उभी राहिली.

"मग वासराचं नाव काय ठेवलं?" रुबिनाने विचारलं.

"न्हाई ठिवलं आजून. इंदी घरी आली, की ती ठिवंल."

सुई केव्हाच निघाली होती. इंद्रायणीने चादरीचा कोपरा उपसला आणि पुन्हा खोचला. तो आधीच घट्ट होता.